कुजणाऱ्या प्लास्टिकचे विरजण

प्लास्टिक प्रदूषणाला आळा घालणाऱ्या जागतिक करारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेली बैठक कोणत्याही निर्णयाविना संपली. त्यापूर्वी बुसानमध्ये २०२४ च्या अखेरीस हेच घडले होते. प्लास्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा हवी, असे म्हणणारे देश एका बाजूला आणि बोलायचे तर फक्त कचऱ्याच्या व्यवस्थापनावर बोला, असा आग्रह धरणारे तेलउत्पादक देश दुसऱ्या बाजूला, अशी ही कोंडी आहे. २०१९ या एका वर्षात जगाने सुमारे ४६ कोटी टन प्लास्टिक वापरले आणि प्लास्टिकच्या कचऱ्यापैकी जेमतेम नऊ टक्के कचऱ्याचा पुनर्वापर झाला. ही आकडेवारी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची आहे. साहजिकच, करार होवो न होवो, वापरून झाल्यावर कुजून जाईल असे प्लास्टिक करता आले तर प्रश्नाची धार बोथट होईल, या आशेने जगभरचे उद्योग आणि प्रयोगशाळा कामाला लागल्या आहेत.

या प्रयत्नांचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचला आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी येथे उभारलेल्या जैवबहुवारिकांच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. वर्षाला १०० टन लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून ५५ टन पॉलिलॅक्टिक आम्ल, अर्थात पीएलए, एवढीच त्याची क्षमता आहे. तो कारखाना नसून कारखान्याची पूर्वतयारी आहे. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातील कुंभी येथे मात्र बलरामपूर चिनी मिल्सने वर्षाला ८० हजार टन पीएलए तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला असून फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची पायाभरणी झाली. साखर कारखान्याच्या आवारातच साखरेपासून प्लास्टिक करायचे, ही या प्रकल्पामागची कल्पना आहे.

साखरेपासून प्लास्टिक करता येते, हे आता सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. खरे प्रश्न वेगळे आहेत. ते कोणत्या साखरेपासून करायचे, किती खर्चात करायचे आणि वापरून झाल्यावर ते नेमके कुठे कुजणार? यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे उष्णतेत वाढणाऱ्या जिवाणूंकडे बऱ्याच अंशी आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्याच भाऊबंदांकडे आहे. परंतु तेथे जिवाणूंनी आपले काम करण्याआधी नगरपालिकांनी आपले काम करावे लागते.

दह्यापासून प्लास्टिकपर्यंत

लॅक्टिक आम्ल आपल्याला नवे नाही. दुधाला विरजण लावले की त्यातील जिवाणू दुधातील साखर खातात आणि हे आम्ल बाहेर टाकतात. दह्याला आंबटपणा येतो तो त्यामुळेच. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील याने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून ते वेगळे केले आणि लुई पाश्चर याने १८५७ मध्ये ते जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, हे दाखवून दिले. लॅक्टिक आम्लाचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडत गेले की पीएलए तयार होते. नायलॉनचा जनक वॉलेस कॅरोदर्स याने ड्यूपाँट कंपनीत १९३० च्या दशकाच्या प्रारंभी हा प्रयोग करून पाहिला होता. पण त्या साखळ्या आखूड आणि कमकुवत निघाल्या. पुढे शस्त्रक्रियेनंतर शरीरातच विरघळणारे टाके घालण्यासाठी या जातीची बहुवारिके वापरली जाऊ लागली. पेले, वेष्टने आणि डबे यांच्यासाठी ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले ते मात्र एकविसाव्या शतकात. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे २००२ मध्ये सुरू झालेला, आज नेचरवर्क्स या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प मक्यातील साखर वापरतो. थायलंडमधील रायोंग येथे २०१८ च्या अखेरीस सुरू झालेला, वर्षाला ७५ हजार टन क्षमतेचा टोटल-कॉर्बियन प्रकल्प उसाची साखर वापरतो.

या मार्गाचे रासायनिक गणित आकर्षक आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे बरोबर दोन रेणू होतात. म्हणजे १०० किलो ग्लुकोजपासून तत्त्वतः १०० किलो लॅक्टिक आम्ल मिळते आणि साखळी जोडताना पाणी निघून गेल्यावर ८० किलो प्लास्टिक हाती येते. इथेनॉल तयार करताना याच १०० किलो ग्लुकोजपासून फार तर ५१ किलो इथेनॉल मिळते. उरलेले वजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते. कच्चा माल इतका पुरेपूर उपयोगात येणारी किण्वनाची उदाहरणे थोडी आहेत.

असे असूनही जगातील एकूण प्लास्टिकमध्ये सर्व प्रकारच्या जैवप्लास्टिकचा वाटा अद्याप एक टक्क्याहूनही कमी आहे. त्याचे मुख्य कारण किंमत. आणि किंमत वाढते ती बऱ्याच अंशी किण्वनाच्या टाकीपाशी.

नासलेल्या दुधाचा धडा

विरजणातील जिवाणूंना साधारणपणे ३० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. हिवाळ्यात दही लागावे म्हणून भांडे कणगीत किंवा चुलीजवळ ठेवण्याची पद्धत याच कारणाने पडली. परंतु जिवाणूंचा एक वर्ग असा आहे की ज्याला ५० ते ६० अंश आणि त्याहूनही अधिक तापमानच भावते. थॉमस ब्रॉक या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९६६ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील गरम झऱ्यात असे जिवाणू सापडले. आज रोगनिदानापासून गुन्हे तपासापर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पीसीआर तंत्राला लागणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्यातूनच पुढे मिळाले. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातील आरवली, तुरळ, राजवाडीपर्यंत गरम पाण्याची कुंडे आहेत. मात्र उष्णताप्रेमी जिवाणू शोधायला कुंडावरच जायला हवे असे नाही. शेणखताचा किंवा पालापाचोळ्याचा मोठा ढीग आत हात घालवत नाही इतका तापतो. त्या ढिगाच्या पोटात हेच जिवाणू नांदत असतात.

प्लास्टिकच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचा जिवाणू सापडला तो मात्र एका औद्योगिक नुकसानीतून. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९१५ मध्ये डबाबंद आटवलेले दूध डब्यातच गोठून खराब होऊ लागले. बी. डब्ल्यू. हॅमर या संशोधकाने त्याचा माग काढला, तेव्हा डबे तापवूनही जिवंत राहणारा एक जिवाणू त्यास कारण असल्याचे आढळले. दूध गोठवणारा म्हणून त्याचे नाव बॅसिलस कोॲग्युलन्स असे पडले. वर्गीकरणकारांनी अलीकडे त्याचे घराणे बदलून हेंड्रिक्सिया असे केले असले तरी उद्योगात जुनेच नाव चालते. अँटिबायोटिक औषधांबरोबर डॉक्टर पोटासाठी जी पूड किंवा गोळी देतात, तिच्यातही अनेकदा हाच जिवाणू असतो. म्हणजे तो निरुपद्रवी आहे, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. तो ५० ते ५५ अंशांवर जोमाने वाढतो आणि साखरेपासून जवळजवळ निव्वळ लॅक्टिक आम्ल तयार करतो.

उष्णतेचे चार फायदे

पहिला फायदा थंडाव्याचा. किण्वन करणारे जिवाणू स्वतः उष्णता निर्माण करतात. काही लाख लिटरची टाकी ३७ अंशांवर ठेवायची तर ती सतत थंड करावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर किंवा लातूरच्या उन्हात कूलिंग टॉवरचे पाणी फारसे थंड नसते. तेथे वीज खाणारी शीतकरण यंत्रणा अपरिहार्य होते. टाकीच ५२ अंशांवर चालवायची असेल तर ३२ अंशांचे पाणीही तिला थंड ठेवायला पुरते. युरोपातील कारखान्यापेक्षा आपल्याकडील कारखान्याला याचे मोल अधिक आहे.

दुसरा फायदा शुद्धतेचा. हवेत, पाण्यात, पाइपांत असणारे बहुसंख्य जिवाणू आणि यीस्ट ५० अंशांवर वाढू शकत नाहीत. त्यामुळे किण्वनात परके जिवाणू घुसून माल बिघडण्याची शक्यता कमी होते. ती नाहीशी होत नाही, कारण उष्णता सोसणारे घुसखोरही असतात. तथापि निर्जंतुकीकरणावरचा खर्च आटोक्यात येतो. ही शुद्धता लॅक्टिक आम्लाच्या बाबतीत विशेष मोलाची आहे. या आम्लाचे दोन प्रकार असतात. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचे प्रतिबिंब असतात, तसे ते एकमेकांचे प्रतिबिंब आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ‘एल’ आणि ‘डी’ म्हणतात. शुद्ध ‘एल’पासून केलेले प्लास्टिक सुमारे १७५ ते १८० अंशांवर वितळते. त्यात ‘डी’ची भेसळ झाली की एकेका टक्क्यागणिक हे तापमान साधारण पाच अंशांनी खाली येते. उलट दोन्ही प्रकारांच्या शुद्ध साखळ्या स्वतंत्रपणे तयार करून मग एकत्र केल्या तर त्या एकमेकींत घट्ट बसतात आणि प्लास्टिक सुमारे २३० अंशांपर्यंत टिकते. क्योटो येथील योशितो इकाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हे दाखवले. गरम चहा ओतला की मऊ पडणारा पेला आणि न पडणारा पेला यांतील अंतर अशा शुद्धतेने कमी करता येते.

तिसरा फायदा विकरांचा. उसाचे चिपाड, गव्हाचा किंवा भाताचा पेंढा यांत साखर असते. पण ती सेल्युलोजच्या रूपाने बंदिस्त असते. ती सोडवण्यासाठी बुरशीपासून मिळवलेली विकरे वापरतात आणि ती महाग असतात. या विकरांचे काम ५० अंशांच्या आसपास सर्वांत चांगले चालते, तर नेहमीच्या जिवाणूंना ३७ अंश हवे असतात. दोघांना एकाच टाकीत ठेवायचे तर कोणी तरी माघार घ्यावी लागते, आणि ती विकरेच घेतात. म्हणून ती अधिक घालावी लागतात. फ्लोरिडा विद्यापीठातील के. टी. शन्मुगम आणि लॉनी इनग्रॅम यांच्या गटाने कोॲग्युलन्सच्या उष्णताप्रेमी आणि आम्ल सोसणाऱ्या जाती २००६ मध्ये जगापुढे मांडल्या. विकरे आणि जिवाणू या दोघांनाही मानवेल असे तापमान ठेवल्यास विकरांची मात्रा लक्षणीय कमी करता येते, हे त्यांनी २००९ मध्ये दाखवले. याच गटाने २०११ मध्ये ‘एल’ प्रकार तयार करणाऱ्या जिवाणूला ‘डी’ प्रकार तयार करायला लावले.

चौथा फायदा सर्वांत दूरगामी. चिपाडात सेल्युलोजच्या जोडीला हेमिसेल्युलोज असते आणि त्यातून झायलोज नावाची पाच कार्बन अणूंची साखर मिळते. विरजणातील बहुतेक नेहमीचे जिवाणू एक तर ती खात नाहीत किंवा खाल्ली तरी तिच्यापासून लॅक्टिक आम्लाबरोबर ॲसेटिक आम्लही तयार करून अर्धा माल वाया घालवतात. कोॲग्युलन्स मात्र झायलोजपासूनही जवळजवळ पूर्णपणे लॅक्टिक आम्लच देतो. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील संशोधकांनी २००८ मध्ये चुन्याची प्रक्रिया केलेल्या गव्हाच्या काडावर त्याला वाढवले. काड फोडण्यासाठी वापरलेला चुनाच तयार होणाऱ्या आम्लाचे उदासीनीकरण करायलाही उपयोगी पडला.

ब्रिटनमधील एक उदाहरण तर बोलके आहे. गिल्डफर्ड येथील टीएमओ रिन्यूएबल्स या कंपनीने जिओबॅसिलस या कुळातील उष्णताप्रेमी जिवाणूमध्ये जनुकीय बदल करून त्याला इथेनॉल बनवायला लावले होते. त्यासाठी त्या जिवाणूची लॅक्टिक आम्ल बनवण्याची मूळ खोड मुद्दाम मोडावी लागली. कंपनीचा इथेनॉलचा व्यवसाय काही उभा राहिला नाही. पुढे तिचा वारसा चालवणाऱ्या रीबायो या कंपनीने नेमकी तीच मोडलेली खोड जोपासून लॅक्टिक आम्लाकडे मोर्चा वळवला. इंधन लिटरच्या भावाने विकले जाते आणि त्याची स्पर्धा खनिज तेलाशी असते. प्लास्टिकचा कच्चा माल तुलनेने अधिक भाव मिळवतो, हे या वळणामागचे साधे अर्थशास्त्र.

फुकटचा कच्चा माल नसतो

इथवरचे चित्र उत्साहवर्धक आहे. परंतु प्रयोगशाळेतील यश आणि कारखान्याचा ताळेबंद यांत अंतर असते, आणि ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

लॅक्टिक आम्ल टाकीत साचू लागले की जिवाणू स्वतःच्याच आम्लाने गुदमरतात. म्हणून त्यात चुना घालतात आणि शेवटी गंधकाम्ल घालून आम्ल मोकळे करतात. या खटाटोपात एक टन लॅक्टिक आम्लामागे साधारण एक टन जिप्सम तयार होते. पर्यावरणस्नेही प्लास्टिकच्या प्रत्येक गोणीमागे जिप्समचीही गोणी उभी राहावी, हे फारसे शोभादायक नाही. कोॲग्युलन्स इतरांपेक्षा अधिक आम्ल सोसतो. पण चुना पूर्णपणे टाळण्याइतके नाही. आम्लात तग धरणारी, जनुकीय बदल केलेली यीस्ट या बाबतीत त्याच्या पुढे आहे. तेव्हा उष्णता हा सर्व दुखण्यांवरचा एकच उतारा नव्हे.

दुसरा मुद्दा कच्च्या मालाचा. शेतीतील अवशेष टाकाऊ असतात, असे गृहीत धरून अनेक योजना कागदावर मांडल्या जातात. साखर कारखान्यात चिपाड टाकाऊ नसते. बॉयलर त्यावरच चालतो आणि सहवीजनिर्मितीतून कारखान्याला पैसा मिळतो. चिपाड प्लास्टिककडे वळवले तर बॉयलरमध्ये काय घालायचे, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. याउलट विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या बहुतांशी चुलीत जातात किंवा शेतातच पेटवल्या जातात. त्यांत लाकडी अंश अधिक असल्याने साखर सोडवणे कठीण असते, आणि गावोगावी विखुरलेल्या काड्या गोळा करून आणण्याचा खर्चही मोठा असतो. तरीही खरा उपयोग तेथेच आहे.

कारण सोपा पर्याय अधिक धोक्याचा आहे. तो म्हणजे थेट उसाचा रस किंवा साखर वापरणे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट फार जुनी नाही, आणि मराठवाड्यातील उसाच्या क्षेत्रावर तेव्हा झालेली चर्चाही अनेकांना आठवत असेल. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. इंधनासाठी एकदा, प्लास्टिकसाठी पुन्हा एकदा, अशा दोन नव्या तहाना त्याच पिकावर लादायच्या असतील तर पाऊस कमी झालेल्या वर्षी कारखाने बंद ठेवण्याची तयारीही ठेवावी लागेल. काडावर आणि चिपाडावर पोसल्या जाणाऱ्या जिवाणूला त्यासाठी वेगळे पाणी लागत नाही, कारण ते पिकाला आधीच देऊन झालेले असते. उष्णताप्रेमी जिवाणूंचे आपल्याकडील खरे महत्त्व या एका मुद्द्यात आहे.

या कामाचा पाया आपल्याकडे नाही असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या शतकाच्या पहिल्या दशकात उसाची साखर आणि चिपाडातील सेल्युलोज यांपासून लॅक्टिक आम्ल तयार करण्याचे संशोधन प्रसिद्ध केले होते. ते लॅक्टोबॅसिलसच्या सुधारित जातींवर, ४२ अंशांच्या आसपास झाले होते. तेथून ५२ अंशांपर्यंतचा प्रवास अशक्य कोटीतला नाही. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही याच संस्थेत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या ‘बायोई३’ या जैवतंत्रज्ञान धोरणात जैवबहुवारिकांना स्थान आहे. पैसा, संस्था आणि कच्चा माल या तिन्ही गोष्टी एका वर्तुळात आणण्याची ही संधी आहे.

कुजणार, पण कुठे?

आता तिसऱ्या आणि शहरी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत जवळच्या प्रश्नाकडे वळू. पीएलए जैवविघटनशील आहे, या विधानात एक अट दडलेली असते. सुमारे ६० अंशांपर्यंत तापमान गेले, ओलावा मिळाला, की त्याच्या साखळ्या सैल पडतात, पाण्याने तुटतात आणि मग सूक्ष्मजीव त्यांचा फडशा पाडतात. कंपोस्टयोग्य प्लास्टिकसाठीच्या मानकात चाचणी घेतली जाते तीही ५८ अंशांवर, आणि सहा महिन्यांत त्यातील ९० टक्के कार्बनाचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे, अशी अपेक्षा असते. हे तापमान उद्योगस्वरूपात चालवलेल्या कंपोस्टच्या मोठ्या ढिगातच नेमाने मिळते, आणि ते निर्माण करतात ते पुन्हा उष्णताप्रेमी जिवाणूच. ज्या घराण्याने हे प्लास्टिक जन्माला घालायचे, त्याच घराण्याने त्याची विल्हेवाट लावायची.

हा ढीग नसेल तर काय होते? कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात समुद्रात बुडवून ठेवलेले पीएलएचे कापड ४२८ दिवसांनंतरही जसेच्या तसे होते. त्याच पाण्यात नैसर्गिक सेल्युलोजचे कापड महिनाभरात विरून गेले. नाल्यात, खाडीत, डोंगरासारख्या कचराभूमीत पडलेली पीएलएची पिशवी आणि साधी पिशवी यांत आपल्या हयातीत फारसा फरक दिसणार नाही. मुंबईला २६ जुलै २००५ च्या प्रलयाने प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांचा धडा दिला. गटार तुंबवण्याचे काम कुजणारी पिशवीही तितक्याच इमानाने करील.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने कंपोस्टयोग्य पदार्थांपासून केलेल्या पेले, ताटल्या, चमचे अशा वस्तूंना प्रमाणपत्राच्या अटीवर मुभा दिली. वस्तूला प्रमाणपत्र मिळाले. पण ती जेथे कुजायची त्या व्यवस्थेला प्रमाणपत्राची अट नाही. सोसायटीच्या आवारातील कंपोस्टचा लहान खड्डा आठवडेच्या आठवडे ५८ अंशांवर राहत नाही. ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याकडे शहरांचा कल वाढत आहे. परंतु ३७ अंशांच्या आसपास चालणाऱ्या वायुसंयंत्रात पीएलएचे विघटन अतिशय मंद गतीने होते. तेच संयंत्र ५५ अंशांवर, म्हणजे उष्णताप्रेमी जिवाणूंच्या साहाय्याने, चालवले तर चित्र सुधारते. संयंत्राच्या निविदेत तापमानाचा हा आकडा लिहिला जातो की नाही, यावर नव्या प्लास्टिकचे भवितव्य अवलंबून असेल, हे किती नगरसेवकांच्या गावी असेल?

आणखी एक बाजू आहे, ती कचरा वेचणाऱ्यांची. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने हे काम संघटित केले. या कष्टकऱ्यांच्या हाती पडणारा पाण्याचा रिकामा पीईटी बाटला म्हणजे रोख पैसा. पीएलएचा पारदर्शक पेला किंवा बाटली डोळ्यांना तशीच दिसते. पाण्यात टाकून वेगळे करावे तर दोन्ही बुडतात. आणि पीईटी वितळवताना, २५० अंशांच्या पुढे, त्यात मिसळलेले पीएलए विघटित होऊन संपूर्ण माल खराब करते. म्हणजे ओळख पटणार नाही अशा रीतीने नवे प्लास्टिक बाजारात आले तर आज जे थोडेफार पुनर्चक्रण नीट चालते, तेही बिघडेल आणि त्याचा फटका सर्वांत आधी वेचणाऱ्या बाईच्या कमाईला बसेल.

कुजणारे प्लास्टिक उभे करण्याचा दुसरा एक मार्गही संशोधक चोखाळत आहेत. फ्रान्सच्या मॉरिस लेम्वान याने १९२६ मध्ये वर्णन केलेली पीएचए या गटातील बहुवारिके जिवाणू स्वतःच्या पेशीत चरबीसारखी साठवतात आणि ती मातीत व समुद्रातही तुलनेने लवकर कुजतात. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील संशोधक गट कॅल्डिमोनास थर्मोडिपॉलिमरन्स हा ५० अंशांवर वाढणारा जिवाणू त्यासाठी वापरत आहे. त्याच्या नावाचा अर्थच उष्णतेत बहुवारिके तोडणारा असा आहे. तोच ती तयारही करतो, आणि ग्लुकोजपेक्षा झायलोज अधिक आवडीने खातो. मात्र येथे १०० किलो साखरेपासून तत्त्वतःही ५० किलोच्या आतच माल मिळतो. त्यामुळे पीएचए महाग आहे आणि काही काळ तरी महागच राहील.

करायचे काय?

तेव्हा या तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही आणि त्याच्या भरवशावर निर्धास्त होण्याचेही नाही. सरकारी सवलत द्यायचीच तर ती काड, पऱ्हाट्या आणि चिपाड यांपासून होणाऱ्या लॅक्टिक आम्लाला द्यावी; उसाच्या रसाला इथेनॉलचा आधार आहेच. कंपोस्टयोग्य प्लास्टिकला परवानगी द्यावी ती प्रथम ओल्या कचऱ्याबरोबरच जाणाऱ्या वस्तूंना: ओला कचरा भरण्याच्या पिशव्या, मंगल कार्यालये आणि उपाहारगृहांतील खरकट्यासह फेकली जाणारी ताटे-वाट्या. पारदर्शक बाटल्या आणि पेले यांना मात्र ती देऊ नये, अथवा दुरूनही ओळखू येईल असा रंग सक्तीचा करावा. ज्या शहरात ५५-६० अंशांवर चालणारे कंपोस्ट किंवा वायुसंयंत्र नाही, तेथे ‘कुजणारे’ हा शब्द वेष्टनावर छापणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल आहे, असे नियमांत स्पष्ट लिहावे. आणि या सर्वांच्या आधी ओला व सुका कचरा वेगळा करण्याचा, २०१६ पासून कायद्यात असलेला नियम खरोखरीच पाळला जावा.

नासलेल्या दुधाच्या डब्यातून सापडलेला एक जिवाणू शंभर वर्षांनी शेतातील काडापासून प्लास्टिकचा कच्चा माल देऊ लागला, हे विज्ञानाचे यश निर्विवाद आहे. त्याला टाकीत हवी तेवढी उष्णता देण्याचे काम अभियंते करतीलच. त्या प्लास्टिकला शेवटी हवी असलेली उष्णता मात्र आपल्या शहरांच्या कचरा व्यवस्थेलाच पुरवावी लागेल. जेजुरीत आणि कुंभीत कारखान्यांचे बेत आखले जात असताना महापालिकांनी आपापल्या कंपोस्टच्या ढिगात तापमापक घालून पाहावा. तो ५८ अंश दाखवीत नसेल, तर कुजणाऱ्या प्लास्टिकचा कारखाना कितीही मोठा झाला तरी कचराभूमीची उंची वाढतच राहील.